अर्जातलं कुटुंब आणि घरातलं कुटुंब

मागच्या पावसाळ्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद, आणि कागद भिजू नयेत म्हणून वरून दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलेलं. "मॅडम, माझा फॉर्म परत आलाय. उत्पन्न जास्त आहे म्हणे." मी दाखला पाहिला. चार लाख दहा हजार. वडील काय करतात विचारलं, तर दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. आईपण तिथेच. मग हा आकडा आला कुठून? "काका साखर कारखान्यात परमनंट आहेत ना. आम्ही एकत्रच राहतो. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत, म्हणून ई-सेवावाल्या दादांनी काकांचा पगार पण धरला."

ती एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब, हे तिला लहानपणापासून माहीत होतं आणि तिने तसंच सांगितलं. शिष्यवृत्तीच्या नियमात मात्र कुटुंब चुलीवरून ठरत नाही. रेशनकार्डावरूनही ठरत नाही. आणि सगळ्यात घोटाळा करणारी गोष्ट अशी की ते प्रत्येक योजनेत वेगवेगळं ठरतं. तालुक्याच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळताना हुशार, गरजू आणि पूर्ण पात्र असलेली मुलं केवळ या एका गोंधळापायी पैशाला मुकताना मी पाहिली आहेत. म्हणून जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगते.

सुरुवात त्या मुलीच्याच योजनेपासून करू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. दहावीनंतरच्या सगळ्या शिक्षणाला लागू, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत उत्पन्न कोणाचं धरायचं हे अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. आईवडिलांपैकी एक जण जरी हयात असेल, तर फक्त आईवडिलांचं सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न मोजायचं. घरातल्या इतर कोणाचं नाही, ते कमावते असले तरीही. म्हणजे काकांचा पगार नाही, आजोबांची पेन्शन नाही, कंपनीत लागलेल्या मोठ्या भावाचा पगारही नाही. दोन्ही पालक गेलेले असतील तेव्हाच, जो पालनकर्ता शिक्षणाचा खर्च उचलतो त्याचं उत्पन्न बघायचं.

त्या मुलीने नव्याने अर्ज करून फक्त आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला काढला. आकडा एक लाखाच्या आत आला. अर्ज दुरुस्त करून पाठवला आणि मंजूर झाला. मधले सव्वा दोन महिने गेले ते गेलेच, पण वर्ष वाचलं.

आता याची दुसरी बाजू. "आईवडिलांचं" म्हणजे दोघांचंही. वडील खाजगी गाडीवर ड्रायव्हर, महिन्याला १६ हजार. आई शाळेत पोषण आहार शिजवून, वर चार घरचं शिवणकाम करून महिन्याला सहा हजार मिळवते. वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार. मर्यादेच्या १४ हजार वर, म्हणजे शिष्यवृत्ती नाही. आईने घरी बसायचं ठरवलं असतं तर मिळाली असती. ही अडीच लाखांची मर्यादा २०१३ साली ठरली आणि अजून तीच आहे. महिन्याचे पुरते २१ हजारही होत नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत तेल, गॅस, एसटीचं तिकीट, मेसचा डबा सगळंच कुठल्या कुठे गेलं आणि मर्यादा जागच्या जागी राहिली. नियम समजावून सांगणं माझं काम आहे आणि मी ते करते, पण ही मर्यादा वाढायला हवी असं माझं ठाम मत आहे. आईच्या कष्टाचे सहा हजार मुलीच्या आड यावेत, हे मला आजही सहन होत नाही.

आठ लाख, पण तीन तऱ्हांनी मोजलेले

अडीच लाखांच्या वर गेलं की लोकांच्या तोंडी दुसरा आकडा असतो, आठ लाख. नॉन-क्रिमीलेअरला (मागास प्रवर्गातलं घर सधन थरात मोडत नाही, याचा दाखला) आठ लाख, ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण) आठ लाख, खुल्या प्रवर्गाच्या फी सवलतीला आठ लाख. आकडा एकच, त्यामुळे एक दाखला मिळाला की बाकीचं सगळं मिळेल असं पालक धरून चालतात. हे तिन्ही आठ लाख वेगवेगळ्या पद्धतीने मोजले जातात.

नॉन-क्रिमीलेअर हे ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. इथे आईवडिलांकडे बघतात, तेही दोन टप्प्यांत. आधी त्यांचं पद. आई किंवा वडील थेट वर्ग एकचे अधिकारी म्हणून लागलेले असतील, तर उत्पन्न बघायचीही गरज नाही, मूल क्रिमीलेअरमध्ये गेलं. दोघंही वर्ग दोनचे असतील तरी तसंच. पद त्याहून खालचं असेल तर मग उत्पन्न, आणि त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचं नाही. केंद्र सरकारच्या सप्टेंबर १९९३च्या आदेशापासून हेच चालत आलं आहे. भाडं, व्यापार, व्यवसाय असं इतर उत्पन्न सलग तीन वर्षं आठ लाखांच्या वर गेलं, तरच अडचण. म्हणून वडील लिपिक, आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, दोघांचा मिळून पगार १२ लाख, तरी मुलाला नॉन-क्रिमीलेअर मिळतं. हे कायदेशीर आहे, कुणी काही लपवलेलं नाही.

पण हाच मुलगा ओबीसीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीकडे वळला, की तिथे पगार, शेती, सगळं मोजून अडीच लाखांची मर्यादा. हातात नॉन-क्रिमीलेअरचा कागद आहे म्हणून तो हक्काने येतो आणि मला त्याला परत पाठवावं लागतं. वडील चिडतात. "मॅडम, तहसीलदारांनीच दिलंय ना सर्टिफिकेट?" दिलंय दादा, पण ते आरक्षणासाठी आहे. तुमच्या हातात किती पैसे येतात याचा तो दाखला नाही.

ईडब्ल्यूएसचं कुटुंब याहून मोठं. २०१९ साली आलेल्या या आरक्षणात कुटुंब म्हणजे स्वतः उमेदवार, त्याचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, आणि लग्न झालं असेल तर जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं. या सगळ्यांचं मिळून, पगार आणि शेतीसकट, अर्ज करण्याच्या आधीच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. शिवाय केंद्राच्या नियमात मालमत्तेची अट वेगळी. कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट, असं काही असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी ईडब्ल्यूएस नाही. कोरडवाहू सहा एकरवाला शेतकरी, ज्याच्या हाती वर्षाला लाखभरही उरत नाही, तो इथे बाद होतो.

पण तोच शेतकरी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला बसतो, आणि हे अनेकांना ठाऊकच नसतं. ईबीसी म्हणतात ती हीच. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. तिथे जमिनीची अट नाही, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राची गरज नाही, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरतो. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. "मुलींना शिक्षण फुकट" असं ऐकून आलेल्या पालकांना एक गोष्ट मी आधीच सांगते: विकास शुल्क, वसतिगृह, मेस यात नाही. ते पैसे जवळ ठेवूनच प्रवेशाला या.

शाहू महाराज शिष्यवृत्तीत कुटुंबाचा आणखी एक हिशोब आहे, भावंडांचा. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ. म्हणून तिथे रेशनकार्ड आणि घोषणापत्र मागतात. तीन बहिणी असतील तर पहिल्या दोघींच्या वेळी विचार करून ठरवा, कारण पहिल्या दोघींनी कमी फीच्या कोर्सला लाभ घेतला आणि तिसरी इंजिनिअरिंगला गेली, तर तिसरीला मिळत नाही.

लग्न झालेली मुलगी कोणाच्या घरची?

आमच्याकडे बी.ए., एम.ए., बी.एड.ला लग्न झालेल्या मुली पुष्कळ. काही जणी कडेवर लेकरू घेऊन फॉर्म भरायला येतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते, "कुठली योजना?" कारण योजना कळल्याशिवाय तिचं कुटुंब कोणतं हे सांगताच येत नाही. एकाच मुलीचं उदाहरण घेऊ. २१ वर्षांची, माहेर लातूर जिल्ह्यात, सासर सोलापुरात, स्वतः कमवत नाही.

नॉन-क्रिमीलेअर काढायचं असेल, तर तिचे आईवडील बघतात. नवऱ्याचा पगार कितीही असो, संबंध नाही. लग्नाने तिचं जन्माचं स्थान बदलत नाही, हा त्यामागचा विचार.

अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असेल, तर उलटं. लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या मुलीसाठी नवऱ्याचं उत्पन्न बघतात. सासऱ्यांचं नाही, दिराचं नाही, नवऱ्याचं. नवरा आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून लागला असेल तर त्याचं विद्यावेतन, बस्स.

ईडब्ल्यूएस असेल, तर आधी दिलेली व्याख्या परत वाचा. त्यात आईवडीलही आहेत आणि जोडीदारही. म्हणजे माहेर आणि नवरा दोन्ही एकत्र. वडिलांची चार एकर आणि नवऱ्याची दोन एकर अशी बेरीज झाली, तर ती बाद होऊ शकते.

आणि तंत्रशिक्षणाच्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती असेल, वर्षाला ५० हजारांची, तर तिथे माहेर आणि सासर यांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, ते धरायचं. आठ लाखांची मर्यादा त्याच्याशी ताडायची.

म्हणजे एकाच मुलीची चार कुटुंबं झाली. गेल्या वर्षी अशीच एक मुलगी नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन नॉन-क्रिमीलेअरला गेली आणि परत आली, मग वडिलांचा दाखला घेऊन शिष्यवृत्तीला आली आणि इथूनही परत गेली. दोन्ही दाखले खरे होते, फक्त अदलाबदल झाली होती. दोन वेळा लेकराला घेऊन तालुक्याला येणं, दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, हे सगळं एका वाक्याच्या माहितीने वाचलं असतं.

या मुलींचा आणखी एक व्यावहारिक त्रास म्हणजे नाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं. अर्ज भरायच्या आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. माझं वैयक्तिक सांगणं विचाराल तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. घरच्यांना वाईट वाटलं तर मला आणून भेटवा, मी सांगते त्यांना.

वडील आहेत, पण घरात नाहीत

सगळ्यात अवघड प्रकरण हे. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला जोडला की आईचंच उत्पन्न धरतात. कायदेशीर घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा असतो. पण आपल्याकडे किती बायकांकडे तो कागद असतो? नवऱ्याने दुसरं घर केलं, ही लेकरं घेऊन माहेरी आली, दहा वर्षं धुणीभांडी करून मुलं शिकवली. कोर्टात कुणी गेलं नाही. कागदोपत्री तिचा नवरा हयात आहे आणि अर्जात "वडील हयात आहेत का?" याला उत्तर "हो" असंच द्यावं लागतं. मग पुढे वडिलांचं उत्पन्न येतं.

वडिलांनी दहा वर्षांत तोंड दाखवलेलं नाही, हे सांगायला अर्जात रकाना नाही. रकाना नाही म्हणून मुलीने "हयात नाहीत" असं लिहू नये, हे मी हात जोडून सांगते. एकीने लिहिलं होतं, आणि मृत्यूचा दाखला मागितल्यावर माझ्यासमोर बसून रडली.

यावर मार्ग आहे, पण तो दाखला काढतानाच चालावा लागतो, अर्ज भरताना नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि तो तलाठ्याच्या चौकशीवर उभा असतो. म्हणून आईने दाखल्याच्या अर्जासोबतच विभक्त राहत असल्याचं स्वघोषणापत्र द्यावं. तिच्या नावाचं स्वतंत्र रेशनकार्ड असेल तर ते जोडावं. पोटगीचा दावा, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची तक्रार, महिला समुपदेशन केंद्रातली नोंद, यातलं जे काही असेल त्याची प्रत लावावी. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून आईचं नाव असेल तर तेही. आणि तलाठी चौकशीला आले की शेजाऱ्यांसमक्ष वस्तुस्थिती सांगून अहवालात "पती विभक्त, उत्पन्नात सहभाग नाही" असं लिहून घ्यावं. शेवटचा निर्णय तहसीलदारांचा. पण अहवालात ते वाक्य असलं की त्यांना निर्णय घेता येतो, आणि नसलं की त्यांची इच्छा असूनही हात बांधलेले असतात. अशी पाच-सहा प्रकरणं या वाटेने सुटलेली मी पाहिली आहेत. रेशनकार्ड स्वतंत्र करणं ही त्यातली पहिली पायरी. वेगळं राहायला लागल्या दिवसापासून ते करून ठेवावं.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिकडे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक विद्यार्थी सरकारी मदतीसाठी फाफ्सा नावाचा एक अर्ज भरतात. तिच्या मुलाच्या वेळी बोलताना कळलं, की आईवडील विभक्त असतील तर २०२४-२५पासून, मागच्या १२ महिन्यांत ज्याने मुलाचा जास्त खर्च उचलला, त्या एकाच पालकाची माहिती तिथे घेतात. त्याआधी मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं, त्याची घ्यायचे. म्हणजे हा प्रश्न नियमात लिहून सोडवता येतो. आपल्याकडेही असा एक स्पष्ट रकाना यावा असं मला फार वाटतं. लेकरांना एकटीने वाढवणाऱ्या आईला दर वर्षी आपली कहाणी नव्या माणसाला सांगायला लागू नये.

दोन्ही पालक नसलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात २०१८पासून शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का अनाथ आरक्षण आहे. ते बालगृहात वाढलेल्यांपुरतंच आहे असा समज आहे. तसं नाही. संस्थेत वाढलेले संस्थात्मक, आणि आजी, मामा, काकू अशा नातेवाइकांकडे वाढलेले संस्थाबाह्य, दोघांनाही महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळू शकतं. मामाकडे वाढलेल्या मुलाला आपण "अनाथ" म्हणत नाही, तसं म्हणणं मामालाही लागतं, म्हणून तो कागद काढलाच जात नाही. कागद म्हणून तो काढून ठेवा. त्याच मुलांसाठी, तसंच कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेल्यांसाठी, तंत्रशिक्षणात एआयसीटीईची स्वनाथ शिष्यवृत्तीही आहे, तीही वर्षाला ५० हजारांची. आणि मूल १८ वर्षांच्या आतलं असेल, एकच पालक असेल, तर बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये अकरावी-बारावीत फार उपयोगी पडतात.

कुठे राहता?

उत्पन्नाचा प्रश्न सुटला की दुसरा प्रश्न राहण्याचा. मुलं इथे पटकन "डे स्कॉलर", म्हणजे घरून ये-जा करणारा, निवडून मोकळी होतात, कारण त्यांना वाटतं होस्टेलर म्हणजे सरकारी वसतिगृहातला. या एका क्लिकमध्ये निम्मे पैसे जातात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फीखेरीज वर्षाला शैक्षणिक भत्ता मिळतो. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,०००. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावीला ४,००० आणि २,५००.

आणि वसतिगृह म्हणजे पाटी लावलेली इमारतच पाहिजे असंही नाही. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मानीव वसतिगृहाची सोय चालत आलेली आहे. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नसेल, आणि किमान पाच विद्यार्थ्यांनी मिळून खोली भाड्याने घेतली असेल, जेवणाची सोय एकत्र असेल, तर प्राचार्य त्या जागेची पाहणी करून तिला वसतिगृह म्हणून मान्यता देऊ शकतात. शहरात कॉट बेसिसवर पाच-सहा पोरं एका खोलीत राहतात, एकच डबा लावतात, आणि सगळी डे स्कॉलर म्हणून फॉर्म भरतात. ज्या कॉलेजात असाल तिथल्या शिष्यवृत्ती विभागात एकदा जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७पासून आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे शिकत असाल तर भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार, निर्वाहाला ८ हजार, असे वर्षाला ६० हजार. इतर महापालिका आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना. इथे कळीची अट म्हणजे विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा.

या अटीत मुलं कशी अडकतात ते सांगते. नांदेडकडचा एक मुलगा पुण्यात शिकायला गेला. बँकेचं, सिमकार्डाचं काम सोपं व्हावं म्हणून मित्राच्या सांगण्यावरून आधारवरचा पत्ता पुण्यातल्या खोलीचा केला. वर्षभराने स्वाधारचा अर्ज भरला, तर कागदावर तो पुण्याचा रहिवासी. त्याचं गाव, त्याचं घर, रेशनकार्ड, सगळं नांदेडला. पत्ता परत बदलून, आईवडिलांच्या रहिवासाचे कागद आणून तो मार्गी लागला, पण एक हप्ता गेला. शिकायला बाहेरगावी जाताना आधारवरचा पत्ता गावाचाच राहू द्या. शहरातल्या खोलीचा भाडेकरार मात्र पहिल्या महिन्यातच करून ठेवा. घरमालक करार द्यायला कुरकुरतात, पण पैसे देऊन राहतोय याचा पुरावा लागतोच.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत. इथे पुन्हा कुटुंब आडवं येतं. सातबारा अजून आजोबांच्याच नावावर, आजोबा जाऊन आठ वर्षं झाली, वारस नोंद झालेली नाही. वडील शेती करतात पण कागदावर भूमिहीन. त्यामुळे अल्पभूधारकाचा दाखला निघत नाही. मुलगा दहावीला असतानाच वारस नोंदीचं काम उरकून घ्या.

उलट्या बाजूचंही एक सांगते. आठवीच्या मुलांची एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, तिच्यातून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. साडेतीन लाखांची मर्यादा. पण नवोदय किंवा शासकीय निवासी शाळेत शिकणाऱ्याला ती मिळत नाही, कारण त्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च आधीच सरकार करतं. तिथे घरी राहणारं मूल पात्र आणि बाहेर राहणारं अपात्र.

स्वतः कमावणाऱ्या मुलांचा प्रश्न हमखास येतो. "मी रात्री हॉटेलात काम करतो, घरून एक रुपया घेत नाही, मग वडिलांचं उत्पन्न कशाला?" पोराचं म्हणणं मनाला पटतं, पण नियम पटवून घेत नाही. वेगळं राहिल्याने किंवा स्वतः कमावल्याने तो आईवडिलांच्या उत्पन्नापासून सुटत नाही. अमेरिकेतही तेच, २४ वर्षांखालचा, लग्न न झालेला पदवीचा विद्यार्थी वेगळा राहत असला तरी सहसा आईवडिलांची माहिती द्यावीच लागते.

आकडा कमी करून देतो म्हणणारे

दर जुलैत कुणीतरी येऊन सांगतं, "अमुक माणूस हजार रुपयात पाहिजे तेवढ्या उत्पन्नाचा दाखला काढून देतो." नको. वडिलांनी घरकर्जासाठी आयकर विवरणपत्र भरलेलं असतं, आईचा पगार बँकेत येतो, आणि हे सगळे आकडे आता एकमेकांशी ताडून बघता येतात. खोटी माहिती सापडली तर शिष्यवृत्ती रद्द होते, घेतलेली रक्कम वसूल होते आणि पुढच्या योजनांची दारं बंद होतात. ज्यांचा खरा आकडाच मर्यादेच्या आत बसतो अशी मुलंसुद्धा, काकांचा पगार धरल्यामुळे जास्त दिसतोय म्हणून, या माणसांकडे जातात. त्यांना खोट्याची गरजच नसते, फक्त कोणाचं मोजायचं हे माहीत हवं असतं. आणि नोकरदार पालकांनी एवढं लक्षात ठेवावं, की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आयकरात सूट मिळालेला घरभाडे भत्ता उत्पन्नातून वगळता येतो. काठावरच्या घराला तेवढ्याने फरक पडतो.

शेवटी एक नियम, जो मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. जानेवारीत एका मुलाचे वडील अपघातात गेले. वडील कमावते होते म्हणून त्या वर्षी त्याने अर्जच केला नव्हता, आणि मुदत संपून गेली होती. तो कॉलेज सोडायचं म्हणून दाखला मागायला आला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे, की कमावत्या पालकाच्या मृत्यूमुळे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत आलं, तर ज्या महिन्यात ती घटना घडली त्या महिन्यापासून विद्यार्थी पात्र ठरतो, आणि त्याचा अर्ज मुदतीनंतरही सहानुभूतीने विचारात घेता येतो. मी त्याला तो परिच्छेद वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला. मग सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "मॅडम, आईच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला काढायला काय काय लागतं?"